मुखवट्याची आतली बाजू

मार्चचा दुसरा आठवडा.
तांडापेठेत कूलरच्या ताट्या बदलणं सुरू झालेलं,
मागच्या उन्हाळ्याचा वाळा
गल्लीच्या तोंडाशी ढिगाने पडलेला.
म्हणजे केसांचा प्रश्न सुटला.

तिसरी ब. पटावर बेचाळीस, हजर एकतीस.
किराण्याचा खाकी कागद,
तिघांत एक कात्री,
मैद्याची खळ माझ्या घरच्या गंजात,
आणि फळ्याला चिकटवलेली
सीताबर्डीहून काढून आणलेली रंगीत झेरॉक्स:
लांबट कपाळ, अर्धे मिटलेले डोळे,
टेकडीवरून सरळ उतरावं तसं नाक,
गालांवर तीन तीन रेघा.
खाली छापलेलं: लाकडी मुखवटा, आफ्रिका.

कागद मधोमध दुमडा, मी सांगते.
अर्धाच चेहरा काढा,
उरलेला अर्धा आपोआप येतो.
सतरा वर्षं हेच सांगते आहे
आणि दर वर्षी कोणीतरी घडीच कापून बसतं.
यंदाचा मान इंदल उईकेचा.
तो रडला नाही.
हातातले दोन अर्धे चेहरे त्याने विकायला काढले,
एक संत्रागोळीवर गेलासुद्धा.

मुबश्शिराने डोळे कापलेच नाहीत.
का गं?
"झोपला हाय ना थो, मॅडम."
साक्यजितच्या मुखवट्याला सव्वीस दात, मोजून.
त्याचे स्वतःचे समोरचे दोन
गेल्याच आठवड्यात पडले.

जयवंती हेडाऊ हात वर करत नाही,
सरळ विचारते.
"आफ्रिका गाव हाय का?"
नाही गं, खंड आहे. चौपन्न देश आहेत त्यात.
"मंग हा कोन्त्या गावचा?"
मी झेरॉक्सकडे पाहते.
"कोनं बनवला?"
मी झेरॉक्सच्या खालच्या ओळीकडे पाहते.
"नाव नाही लिहिलं?"

तिचा आबाजी तान्ह्या पोळ्याचे बैल करतो.
"पोटाखाली खूण करते थो.
चाकं तुटले, शिंगं तुटले,
तरी कोनाचा बैल हाय थे समजते."

कात्र्या चालूच होत्या. थांबले ती मीच.
ए.टी.डी.ला असताना मी यावर पानभर लिहिलं होतं,
आकारांचं सुलभीकरण, रेषेचा ठसका,
दहापैकी आठ गुण.
त्या लाकडासमोर कोण बसलं होतं,
लाकूड कुठल्या झाडाचं,
नाचायला केलं की कोणाला पोचवायला,
हे प्रश्नपत्रिकेत नव्हतं.

मला माहीत नाही, मी म्हणाले.
वर्गात हे वाक्य मी फारसं काढत नाही.
तिला ते चाललं.
तिने आपला मुखवटा पालथा घातला
आणि आतल्या बाजूला, जिथे कपाळाचा घाम लागतो,
निळ्या स्केचपेनने लिहिलं:
जयवंती रूपचंद हेडाऊ, तांडापेठ, नागपूर.
मग फळ्यावरची झेरॉक्स मागून घेतली,
मागे पट्टीने एक रेघ ओढली,
रेघेआधी लिहिलं: नाव.
पुढे काहीच नाही.
"जागा ठेवली," म्हणाली.

मग काय, सगळ्यांनीच मुखवटे पालथे घातले.
साक्यजितने शाळेचा पत्ताही टाकला, पिनकोडसकट.
इंदलने उरलेल्या अर्ध्यावर
अर्धंच नाव लिहिलं.

मधल्या सुट्टीत व्हरांड्याच्या तारेवर वाळत घातले.
कोणीतरी बाटलीतलं पाणी
त्या केसांवर शिंपडलं,
"हवा थंडी येते, मॅडम,"
आणि खरंच आली जराशी,
वाळ्याच्या वासाची.
खळ मात्र सुटली, दोन नाकं खाली पडली.

झेरॉक्स माझ्या पिशवीत आहे.
उद्या परत फळ्याला लावायची आहे.
कोणती बाजू वर,
ते ठरलेलं नाही.